पोटात ठेवलेले सहा आठवडे

तिला सगळे रेडिओ म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. गणवेश शिवायच्या कारखान्यात ती कटर होती. कापडाचे पंचवीस थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि यंत्राचं पातं रेघेवरून असं न्यायचं की सगळ्यात खालचा थरही सूतभर हलू नये. हात इतका स्थिर, की नवीन लागलेल्या बायकांना मुकादम आधी तिच्या टेबलापाशी उभं करायचा. तोंड मात्र सकाळी आठला सुरू व्हायचं ते भोंगा होईपर्यंत थांबायचं नाही. "हिच्या तोंडात तीळ भिजत नाही," असं सासू शेवटपर्यंत म्हणत गेली. नवरा टपाल खात्यातून निवृत्त झालेला, डाव्या कानानं कमी ऐकायचा, आणि जेवायला नेमका तिच्या उजवीकडे बसायचा.

अशा बाईनं चर्चच्या मंडळीतल्या 'सोबती' कामासाठी नाव दिलं तेव्हा मागच्या बाकांवर हसू फुटलं. पाळकांनी उपासनेच्या शेवटी जाहीर केलं होतं: मंडळीत आजारी आहेत, एकटे आहेत, कुणाचं माणूस गेलंय, मी एकटा सगळ्यांच्या घरी पोचत नाही. ज्यांना शिकायची तयारी आहे त्यांनी नावं द्या. जाऊन बसायचं आणि ऐकायचं, एवढंच काम. एवढंच म्हणाले, पण ते काही एवढंसं नव्हतं.

तिनं नाव का दिलं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि न सांगितलेल्या गोष्टी तिच्या आयुष्यात मोजक्याच होत्या. दोन वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ गेला. भेटायला येणारा प्रत्येक जण बोलत होता. देवाची इच्छा, सुटला बिचारा, वेळ हेच औषध. त्या बोलण्यानं तिचं डोकं भणभणलं, आणि आठव्या दिवशी तिच्या मनात आलं, आपणही आजवर किती दारांत जाऊन हेच केलं असेल! त्या विचारानं तिला भाऊ गेल्याइतकंच रडू आलं.

सभागृहामागच्या लांबट खोलीत सात शनिवार शिकवणी झाली. शिकवायला एक निवृत्त परिचारिका होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. गोड बोलायची सवय नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी जोड्या लावल्या. एकानं दहा मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. रेडिओ दीड मिनिट टिकली.

"जीभ टाळूला लावून ठेव," सिस्टर म्हणाल्या. "चिकटल्यासारखी. बोलायचं झालं तर आधी सोडवावी लागेल, तेवढ्यात समोरचा पुढचं बोलेल."

नियम थोडे होते. सल्ला द्यायचा नाही. आपली गोष्ट सांगायची नाही. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, नवऱ्यालाही सांगायचं नाही; फक्त जिवाला धोका दिसला तर गप्प राहायचं नाही, आणि हे पहिल्या भेटीतच सांगून टाकायचं. तिसऱ्या शनिवारी सिस्टरांनी एक प्रश्न प्रत्येकाकडून मोठ्यानं वदवून घेतला: 'जीव द्यायचा विचार मनात येतोय का?' असाच, सरळ. आडवळणानं नाही. "विचारल्यानं डोक्यात येत नाही," त्या म्हणाल्या, "आलेलं असतं ते बाहेर येतं." रेडिओला तो प्रश्न उच्चारताना घाबरून हसू यायचं. सिस्टरांनी तिला तो सात वेळा म्हणायला लावला.

पाच जण तयार झाले. पहिलं वर्ष बरं गेलं. मग शाळेच्या नव्या इमारतीवर तो अपघात झाला.

कारखान्यात तिच्या टेबलासमोरच्या मशीनवर कॉलर शिवणारी एक बाई होती. अकरा वर्षं दोघी समोरासमोर. रेडिओनं कापायचं, कॉलरवालीनं शिवायचं; डबा एकत्र, पगाराच्या दिवशी खरेदी एकत्र, रविवारी बाकही एकच. कॉलरवालीचा नवरा रंगारी होता. तिसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीला रंग देताना तो सकाळी पावणेनऊला परांचीवरून पडला आणि जागच्या जागी गेला. चौकशी झाली. कागदावर आलं ते असं: परांची शाबूत, पाईप-फळ्या धरून ठेवणारे सगळे क्लॅम्प घट्ट, रंगाऱ्यानं कमरेचा पट्टा अडकवलेला नव्हता, त्याचा पाय घसरला, चूक त्याची.

ती परांची ज्यानं उभी केली तोही याच मंडळीतला. परांचीवाला म्हणूनच सगळे ओळखत. बावीस वर्षं लोखंडी पाईप आणि फळ्या चढवण्यात गेलेली, हाताच्या तळव्यांना घट्टे. अपघातानंतर तो कामावर गेला नाही, रविवारी आला नाही. त्याची बायको पाळकांकडे येऊन म्हणाली, "दिवसभर भिंतीकडे बघत बसतात. कुणीतरी या."

कॉलरवालीकडे सिस्टर स्वतः जायच्या. उरलेल्या सोबत्यांपैकी एक त्या शाळेच्या ठेकेदाराकडेच कारकून होता, एकाचं ऑपरेशन झालेलं, आणि दोघांकडे आधीच तीन-तीन घरं. पाळकांनी रेडिओला विचारलं, आणि विचारताना दोनदा म्हणाले, "नाही म्हणालीस तरी चालेल."

सिस्टर मध्ये पडल्या. "नाहीच म्हण. ती तुझी मैत्रीण आहे."

"माणूस भिंतीकडे बघत बसलंय आणि मी नाही कशी म्हणू?" रेडिओ म्हणाली. जीभ टाळूवरून तिनं जरा लवकरच सोडवली, हे तिला पुढं कळलं.

दर गुरुवारी पाचला ती जायची. दोन खोल्यांचं घर, दुसरा मजला. परांचीवाल्याची बायको दार उघडून पाणी द्यायची आणि स्वयंपाकघरात जायची. पहिल्या दिवशी रेडिओनं ठरलेलं सांगितलं: इथलं बोलणं इथंच राहील, जिवाला धोका असेल तेवढं सोडून. त्यानं मान हलवली. त्यानंतर पाऊण तास कुणीच बोललं नाही. दुसऱ्या गुरुवारी तेच. तिसऱ्या गुरुवारी त्यानं विचारलं, "ताई, तुम्हाला कंटाळा येत नाही?" ती म्हणाली, "येतो." त्याला किंचित हसू आलं.

चौथ्या गुरुवारी तो बोलला. बोलताना तिच्याकडे पाहत नव्हता.

"आदल्या संध्याकाळी पलीकडच्या बाजूला एक क्लॅम्प कमी पडला. मी त्याच्या फळीखालचा काढून तिकडे लावला. सकाळी आठच्या आत येऊन दुसरा बसवायचा, असं ठरवलं होतं. सकाळी उशीर झाला. मी फाटकातून आत येत होतो आणि तो आधीच चढलेला." त्यानं हात पुढे करून तळवे पाहिले. "पडल्याचा आवाज झाला. सगळे खाली त्याच्याकडे धावले. मी वर गेलो."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"खिशात क्लॅम्प होता. लावला. घट्ट केला. मग खाली आलो."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबलेला होता. रेडिओची जीभ टाळूला चिकटली ती खरोखरच चिकटली.  तिच्या डोळ्यांसमोर कॉलरवालीचं तोंड आलं. कालच डबा खाताना ती म्हणाली होती, "किती वेळा सांगितलं होतं त्यांना, पट्टा अडकवत जा. माझं ऐकलं असतं तर! माणसाला बायकापोरांची काळजीच नसेल तर काय करणार?" गेलेल्या नवऱ्यावर ती रोज थोडी थोडी चिडत होती, आणि चिडल्याबद्दल रोज रडत होती.

"पट्टा?" एवढंच रेडिओच्या तोंडून निघालं.

"नव्हताच अडकवलेला. ते खरं आहे. पण फळी धरून राहिली असती तर पट्ट्याचं काम पडलं नसतं."

त्या दिवशी घरी जाताना ती स्वतःचा मजला चुकून वरच्या मजल्यावर गेली. जेवताना नवरा तिच्याकडे मान वळवून म्हणाला, "आज काय, बॅटरी उतरली?" तिनं भाकरीचा तुकडा नुसता फिरवला. "डोकं दुखतंय."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिनं कापड अंथरलं, आखलं, पातं चालवलं. समोर कॉलरवाली.

"काय गं, गप्पशी?"

"घसा बसलाय."

हा बसलेला घसा तिनं पुढं कितीतरी दिवस वापरला. बोलायला तोंड उघडलं की तेच बाहेर येईल, अशी भीती वाटायची. म्हणून ती हवापाण्याचंही बोलेना. बायका चेष्टा करायला लागल्या: रेडिओचं स्टेशन हरवलं. एकदा पातं रेघ सोडून बोटभर आत गेलं आणि पंचवीस बाह्या वाया गेल्या. मुकादम काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्यानं तिला जास्त मेल्यासारखं झालं.

मग मंडळीत कुणीतरी सांगितलं असणार, कारण एका दुपारी डब्याचं झाकण न उघडताच कॉलरवालीनं विचारलं, "गुरुवारी तू त्याच्याकडे जातेस?"

"कुणाकडे जाते ते सांगायचं नसतं."

"म्हणजे जातेस." ती पुढे वाकली. "मला बाकी काही नको. त्यांनी पडताना काही हाक मारली का, तो तिथं होता का, एवढंच सांग. काय बोलतो तो?"

"नको विचारू गं."

"अकरा वर्षं तुझ्या घरातलं, शेजारच्या घरातलं, सात गल्ल्यांतलं मला पाठ झालंय. अन् माझ्याच नवऱ्याचं तेवढं तुला सांगता येत नाही?"

रेडिओ उठली आणि नळावर जाऊन तोंड धूत राहिली. परत आली तेव्हा कॉलरवाली डबा घेऊन दुसरीकडे बसली होती.

सोबत्यांना महिन्यातून दोनदा सिस्टरांशी बोलायची सोय होती. नाव न घेता, पण ओझं कुठंतरी उतरवायला. रेडिओ गेली आणि म्हणाली, "एकाकडे अशी गोष्ट आहे की ती कळली तर दुसऱ्याच्या छातीवरचा दगड उतरेल. मी ती सांगू शकत नाही. आणि गप्प राहिले तर मी माणसातून उठेन."

सिस्टरांना कळायचं ते कळलं असावं. त्या खिडकी लावून आल्या. "तू सांगायचं नाहीस. पण त्यानं तुझ्या अंगावर टाकून मोकळं व्हावं, एवढ्यासाठीही तू जात नाहीस. त्याला विचार, हे घेऊन तू पुढं काय करणार आहेस? उत्तर तू देऊ नकोस."

पुढच्या गुरुवारी तिनं विचारलं. परांचीवाल्याचा चेहरा बंद झाला. "म्हणजे तिला जाऊन सांगू?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तुरुंगात जाऊ? माझ्या बायकोनं काय करायचं?" तो उभा राहिला. "ताई, आज तुम्ही जा."

आठवडाभर तिचा जीव टांगणीला लागला. विचारलं ते चुकलं का? दुखऱ्या जागी बोट घातलं का आपण? पुढच्या गुरुवारी दार उघडणार नाही असं तिला वाटलं होतं, पण दार उघडलं ते त्यानंच. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. घर आवरलेलं. बायको बाजारात गेली होती.

"सोमवारपासून कामावर जातोय," तो म्हणाला. आवाजात इतका हलकेपणा होता, की तिला आधी बरंच वाटलं. "त्याच शाळेवर. वरचं काम राहिलंय."

"बरं."

"पट्टा घेणार नाही म्हणून सांगितलंय तिथल्या मुकादमाला. सवय नाही राहिली." तो हसला. "हिला सगळं समजावून ठेवलंय. कागद कुठं, किल्ल्या कुठं. ताई, तुमचे उपकार आहेत हो माझ्यावर. एवढे दिवस आलात."

पंख्याचा आवाज येत होता.  रेडिओच्या जिभेवर किती गोष्टी आल्या: असं बोलू नका, देव आहे, सगळं ठीक होईल. त्यातली कुठलीही एक बोलून उठता आलं असतं, दारापर्यंत पोचता आलं असतं. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"दादा, जीव द्यायचा विचार आहे का तुमचा?"

हसू आलं नाही. प्रश्न पाण्याच्या पेल्यासारखा दोघांच्या मध्ये राहिला. तो तिच्याकडे पाहत होता, पहिल्यांदाच सरळ. ती बोलली नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती, परत, परत. नंतर ती सांगायची, आयुष्यात सगळ्यात जास्त वेळ मी तेव्हा गप्प बसले. घड्याळात बघाल तर दोन मिनिटंही नसतील.

"आहे," तो म्हणाला. आणि त्याची मान खाली गेली.

"हे मी पोटात ठेवणार नाही," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी आत्ता इथूनच, तुमच्या समोर सिस्टरांना फोन करते. आणि त्या येईपर्यंत जात नाही."

"नका करू, ताई."

"करते."

तो झटकन उठला आणि दाराकडे गेला. ती त्याच्या अर्धी; अडवणार कशी? पण ती त्याच्या आधी दारात पोचली आणि पाठ लावून उभी राहिली, कानाला फोन लावून. घंटा वाजत होती. तिकडे कुणी उचलत नव्हतं. त्याचा हात तिच्या खांद्यावरून कडीकडे आला. ढकललं असतं तर ती कोलमडली असती.

"ढकला," ती म्हणाली. "पण मी ओरडत जिना उतरेन. माझा आवाज किती मोठा आहे ते सगळ्या मंडळीला माहीत आहे."

त्याचा हात तसाच राहिला. मग त्यानं कडीवरचा हात काढला आणि तो दाराशेजारी, चपलांच्या बाजूला, खाली बसला. आधी आवाज नव्हता. मग मोठ्यानं रडायला लागला. ती त्याच्या शेजारी फरशीवर बसली. सिस्टरांनी तिसऱ्या खेपेला फोन उचलला. बायको पिशव्या घेऊन वर आली तेव्हा ती दोघं तशीच चपलांत बसलेली होती, आणि तिला दार उघडता येईना.

त्याला रुग्णालयात ठेवलं. रेडिओ तिथंही गुरुवारी जायची. दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "मी तिला सांगेन. आधी तिला, मग चौकशीवाल्यांना. तुम्ही तिथं असाल का?"

सभागृहामागच्या त्याच लांबट खोलीत पाळक, सिस्टर, रेडिओ, तो आणि कॉलरवाली बसले. त्यानं जसं रेडिओला सांगितलं होतं, त्याच शब्दांत सांगितलं. 'मी वर गेलो' इथं त्याचा आवाज अडकला; त्यानं पाणी प्यायलं आणि परत ते वाक्य म्हटलं. कॉलरवालीनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. 

"म्हणजे ते घसरले नाहीत," ती म्हणाली.

"नाही."

"मी त्यांना एवढे महिने शिव्या घातल्या." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुला माफ करायचं का ते मला माहीत नाही. आज विचारू नकोस. चौकशीवाल्यांकडे मात्र मी तुझ्याबरोबर येणार. तू काय सांगतोस ते मला ऐकायचंय."

मग ती रेडिओकडे वळली. "तुला कधी कळलं?"

रेडिओनं पाळकांकडे पाहिलं. परांचीवाल्यानंच उत्तर दिलं, "सहा आठवडे झाले."

"सहा आठवडे," कॉलरवाली म्हणाली. "रोज माझ्यासमोर डबा खाऊन." आणि उठून गेली.

चौकशी पुन्हा उघडली. अहवाल बदलला, रंगाऱ्यावरचा ठपका निघाला. परांचीवाल्यावर खटला झाला. शिक्षा झाली ती आठ महिन्यांची. सुटल्यावर तो उंचीवरच्या कामाला गेला नाही, एका लाकडाच्या वखारीत फळ्या मोजून द्यायला लागला. रविवारी येतो. मागच्या बाकावर बसतो, आणि शेवटचं गीत संपायच्या आत निघून जातो.

कॉलरवालीनं मुकादमाला सांगून आपलं मशीन खिडकीशी हलवून घेतलं. रेडिओनं कापलेल्या कॉलरी तिच्याकडे टोपलीतून जायच्या, दुसरीच बाई न्यायची. कारखान्यातल्या निम्म्या बायका हिच्या बाजूनं, निम्म्या तिच्या. रेडिओचा घसा हळूहळू सुटला, पण पूर्वीसारखा नाही. एखादी गोष्ट सांगता सांगता ती मध्येच थांबायची आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, ही विसरली. सोबतीचं काम तिनं सोडलं नाही. नवऱ्यानं एकदा विचारलं, "एवढं सोसून परत कशाला?" ती म्हणाली, "कुणीतरी जायला पाहिजे ना," आणि तो चक्क उजव्या कानानं ऐकत होता.

मशीन हलवल्यापासून असेच दहा महिने गेले. एका दुपारी वीज गेली, यंत्रं थांबली, बायका बाहेर सावलीत जाऊन बसल्या. रेडिओ टेबलावरच्या कापडावर हात टेकून उभी होती. कॉलरवाली खिडकीशी हातानं एक बटण लावत होती. खोलीत दोघीच.

"ए," कॉलरवालीनं मान वर न करता हाक मारली.

"हं?"

"त्या सहा आठवड्यांत तुला झोप लागायची?"

"नाही."

कॉलरवालीनं दोरा दातानं तोडला. "बरं झालं," ती म्हणाली, आणि पुढचं बटण घेतलं.